न झालेल्या फेऱ्यांचा रकाना : गाडीविना ९० दिवसांच्या नोंदी

३ सप्टेंबर (दिवस १)

क्लच शेवटी गेलाच. मेकॅनिकने दुरुस्तीचा आकडा सांगितला तेव्हा बायको म्हणाली, "एवढे पैसे घालण्याआधी ती खरंच लागते का, ते तरी बघू." तिथून हा प्रकल्प निघाला. ९० दिवस स्वतःची गाडी नाही. किल्ली खुंटीवर.

चालणं, बस, रेल्वे, सायकल, टॅक्सी, भाड्याची गाडी, दुसऱ्याकडून लिफ्ट, सगळं चालेल. फक्त प्रत्येक फेरी वहीत उतरली पाहिजे: कुठून कुठे, किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, हातात किती ओझं होतं, बरोबर कोण होतं. शेवटचा रकाना बायकोने घालायला लावला. ती म्हणाली, "तू एकटा असलास की तुला सगळं जमतं."

तुलनेसाठी ऑगस्टच्या नोंदी आहेत. क्लच घसरायला लागला तेव्हाच मी ४ आठवडे गाडीची प्रत्येक फेरी लिहून ठेवली होती. एकूण ५८ फेऱ्या, एका फेरीला सरासरी २५ मिनिटं. म्हणजे ४ आठवड्यांच्या ६७२ तासांपैकी गाडी जेमतेम २४ तास चालली. उरलेला ९६ टक्के वेळ ती नुसती उभी होती. ५८ पैकी २३ फेऱ्या तर दोन किलोमीटरच्या आतल्या. हे आकडे पाहून मला हा प्रकल्प अगदी सोपा वाटला होता, तेही प्रामाणिकपणे इथे लिहून ठेवतो.

घरात चौघं. मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि आई. आईचं वय ७१, गुडघे त्याहून थोडे म्हातारे.

४ सप्टेंबर

डिकी रिकामी केली. निघालेला ऐवज: दोन छत्र्या, कापडी पिशव्या सात, मुलीचा स्वेटर (आता तोकडा झालेला), दोरी, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याच्या बाटल्या, आईची घडीची खुर्ची, बॅडमिंटनच्या रॅकेट, महिनाभरापूर्वी परत करायची वाचनालयाची दोन पुस्तकं, एक हातोडी. वजनकाट्यावर सगळं मिळून १४ किलो भरलं.

हातोडी गाडीत का होती, ते कुणालाच सांगता आलं नाही. पण बाकीच्या वस्तूंना कारण होतं. पाऊस आला, थंडी वाजली, आईला बसायला जागा मिळाली नाही, येता येता काही घ्यायचं आठवलं, अशा प्रत्येक 'जर'ची सोय डिकीत करून ठेवलेली होती. आता त्यातलं काय पाठीवर घ्यायचं, हे रोज सकाळी ठरवावं लागेल. पहिल्या दिवशी मी बॅग भरली ती ६ किलोंची. संध्याकाळपर्यंत खांद्यांनी त्यातली निम्मी यादी खोडून टाकली.

६ सप्टेंबर

उभ्या गाडीचीही कामं असतात. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर थोडी थोडी वीज खात राहतात. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सुमारे पाऊण अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात अर्धी रिकामी होईल, आणि लेड-ॲसिड बॅटरी तशीच अर्धपोटी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. म्हणून ऋण टर्मिनल सोडवून ठेवलं. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली, एकाच जागी बसून चपटे पडू नयेत म्हणून.

आई खिडकीतून म्हणाली, "वापरायची नाही तर एवढी सेवा कशाला रे?"

१२ सप्टेंबर

दहा दिवस झाले. ऑफिसच्या बसचा हिशेब मांडायला आता पुरेशा नोंदी आहेत.

थांब्यावरच्या पाटीप्रमाणे दर १५ मिनिटांनी बस आहे. वेळ न बघता जाऊन उभं राहिलं तर कधी लगेच मिळेल, कधी १५ मिनिटांनी. सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात सरासरी निघाली ११. आधी नशिबाला बोल लावला, मग कागद घेतला. समजा, बस एकदा ५ मिनिटांनी येते आणि एकदा २५ मिनिटांनी. दोन बसमधलं सरासरी अंतर १५ मिनिटंच, पाटी खोटी नाही. पण दर अर्ध्या तासातली २५ मिनिटं लांबच्या फटीत जातात, त्यामुळे थांब्यावर येणारा माणूस सहापैकी पाच वेळा तिथेच सापडणार आणि साडेबारा मिनिटं थांबणार. एकदाच छोट्या फटीत, अडीच मिनिटं. एकूण सरासरी १०.८. माझे ११ तिथून आले.

बस अशा जोडीने का येतात, याचं उत्तर न्यूएल आणि पॉट्स यांनी १९६४ मध्येच गणिताने दिलं आहे. एक बस थोडी मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते. तिच्या पाठीमागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, आणि ती पहिलीला येऊन चिकटते. त्यामुळे जी बस आधी येते ती खच्चून भरलेली असते आणि मागची मोकळी. लोक तरीही पहिलीतच चढतात. मीही चढायचो. या आठवड्यापासून मागचीकडे बघायला शिकलो, बहुतेक वेळा बसायला जागा मिळते.

तरी खरा त्रास ११ मिनिटांचा नाही. घर ते ऑफिस बसने सरासरी ३८ मिनिटं लागतात, पण सगळ्यात वाईट दिवशी ६१ लागली. गाडीने सरासरी २७ आणि वाईट दिवशी ४०. महत्त्वाची मीटिंग असली की मी सरासरी धरून निघूच शकत नाही, वाईट दिवस धरूनच निघावं लागतं. मग बहुतेक वेळा २० मिनिटं आधी पोचतो आणि लिफ्टपाशी रेंगाळतो. ही २० मिनिटं प्रवासात धरायची की नाही, यावर वहीत काट आहे. धरली.

१५ सप्टेंबर

थांबा घरापासून किती लांब? नकाशावर सरळ रेषेत ३५० मीटर. नियोजनकार बसथांब्यासाठी साधारण ४०० मीटर, म्हणजे पाचेक मिनिटांची चाल, सोयीची धरतात. त्या हिशेबाने आम्ही सुखात. पायांनी मोजलं तर अंतर ९०० मीटर. मधे एक लांबलचक कुंपणाची भिंत, मग चौपदरी रस्ता, आणि तो ओलांडायची जागा उलट्या दिशेला. भिंतीत एक दार आहे. कुलूपबंद.

त्या दाराची किल्ली कुणाकडे असते, याचा शोध चालू आहे.

१९ सप्टेंबर

सामान. गाडी होती तेव्हा आठवड्याची एकच मोठी खरेदी व्हायची, ती काट्यावर टाकली तर २० किलोंच्या वर जायची. आता ती तीन तुकड्यांत करतो. जड आणि न नासणारं, म्हणजे मुख्यतः द्रव पदार्थ (कपडे धुण्याचा ५ लिटरचा कॅन एकटाच ५ किलोंचा), ते महिन्यातून एकदा घरपोच. मधलं ट्रॉलीतून. हलकं येता-जाता खांद्यावरच्या पिशवीत.

घरपोच मागवणं म्हणजे दुसऱ्याच्या वाहनाने गाडी वापरणंच, असा बायकोचा आक्षेप. तो मान्य करून वेगळा रकाना केला. तिचं म्हणणं पुढेही होतं: गाडी असताना खरेदी म्हणजे ४० मिनिटांची एक फेरी, आता यादी करणं, मागवणं, त्या वेळेत कुणीतरी घरी असणं, उरलेलं आठवून आणणं. पाय वाचतात, डोकं वाचत नाही.

ट्रॉली घेताना एकच चूक केली: चाकं लहान घेतली. सपाट फरशीवर ती मखमलीसारखी चालते, पण रस्त्यावरच्या प्रत्येक फटीत अडकते. चाक जेवढं मोठं तेवढा खड्डा लहान. आणि जड वस्तू तळाशी, चाकांच्या आसाजवळ ठेवायच्या. वर ठेवल्या की ट्रॉली मनगट पिरगाळते.

२२ सप्टेंबर

आज जगभर 'कार फ्री डे' असतो, हे बसमधल्या एका मुलाच्या टी-शर्टवरून कळलं. १९७३ च्या तेलसंकटात नेदरलँड्समध्ये काही रविवार खासगी गाड्यांना बंदी होती; तेव्हाच्या छायाचित्रांत लोक हमरस्त्यांवर सायकली आणि रोलर स्केट घेऊन उतरलेले दिसतात. सगळ्यांची गाडी बंद असली की त्याची सुट्टी होते. एकट्याची बंद असली की फक्त उशीर होतो.

२९ सप्टेंबर

पाऊस. छत्रीने डोकं वाचतं, गुडघ्याखाली काही वाचत नाही. बॅगेत कायमचा मुक्काम: मोज्यांचा एक कोरडा जोड, टॉवेलचा तुकडा, कागदपत्रांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. ऑफिसच्या खणात जुने बूट ठेवले. डिकीचं सामान असं हळूहळू तीन-चार जागी पांगत चाललं आहे. थोडं खणात, थोडं बॅगेत, थोडं मुलीच्या शाळेच्या दप्तरात.

५ ऑक्टोबर

सायकल आली. जुनी, पण सांगाडा सरळ. ऑफिस साडेसहा किलोमीटर. ताशी १५ च्या वेगाने २६ मिनिटं, म्हणजे गाडीच्या सरासरीइतकीच, आणि वाईट दिवशीही ३० च्या पुढे जात नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मीटिंगच्या दिवशीची २० मिनिटं परत मिळाली.

फजिती हवेची. गाडीचा पायपंप घरात होताच, तो सायकलच्या व्हॉल्व्हला बसेना. चाकांना तीन तऱ्हेचे व्हॉल्व्ह असतात, हे या वयात कळलं. गाडीला असतो तो जाडसर श्रेडर. जुन्या पद्धतीचा डनलप, त्याला वूड्सही म्हणतात. आणि माझ्या सायकलीला आहे तो काटकुळा प्रेस्टा. प्रेस्टाच्या टोकाला बारीकशी नट असते, ती आधी सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. मी नट न सोडवताच अर्धा तास पंपाशी कुस्ती केली. पितळेचा एक इवलासा ॲडॅप्टर फिरवून बसवला की तोच पायपंप चालतो. तो आता किल्लीच्या जुडग्यात आहे, गाडीच्या किल्लीच्या जागी.

ओझं पाठीवर नको, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली. पाठीवर घेतलं की घाम आणि डोलणं दोन्ही. कॅरिअरवर २५ किलोंची मर्यादा कोरलेली आहे. डिकीतले ते १४ किलो त्यात बसले असते, असा विचार मनात आला. हातोडीसकट.

पावसात पोंचो घालून सायकल चालवू नये. वारा भरला की त्याचं शीड होतं.

१४ ऑक्टोबर

आजची नोंद लांबणार आहे.

आईची डॉक्टरकडे तपासणी होती. अंतर ७ किलोमीटर. गाडी असती तर ती खालच्या पायरीवरून सीटवर बसली असती, तिकडे दारात उतरली असती, आणि वेळ लागला तर मी गाडीत बसून राहिलो असतो. वहीत एक ओळ.

बसचा प्रश्नच नव्हता. ९०० मीटर चालणं आणि बसची उंच पायरी, दोन्ही तिला जमणार नाही. टॅक्सी बोलावली. पहिल्या चालकाने स्वीकारून ६ मिनिटांनी रद्द केली. दुसरा आला, पण सोसायटीच्या मागच्या फाटकावर, कारण ॲपने तिथे टाचणी रोवली होती. आई पुढच्या फाटकावर उभी. खुर्ची घरात, कारण ती आता डिकीत नाही. जाताना तरी वेळ ठरलेली होती. परतीची कशी ठरवणार? आत किती वेळ लागेल, कुणाला माहीत नाही. बाहेर आल्यावर बोलावली तर १५ ते २० मिनिटं उभं राहायचं, आणि आत असतानाच बोलावली तर चालक खाली ताटकळणार आणि कंटाळून निघून जाणार. दोन्ही झालं.

घरी आल्यावर आई बूट काढता काढता म्हणाली, "पुढच्या महिन्यातली तारीख राहू दे. मी ठणठणीत आहे. माझ्यापायी तुझा अख्खा दिवस जातो."

वही उघडली. आजच्या दोन फेऱ्या भरल्या. वेळ, वजन, बरोबर कोण. तेव्हा लक्षात आलं की पुढच्या महिन्यातली ती तारीख या वहीत कधी येणारच नाही. जी फेरी झालीच नाही तिला रकाना कुठला? मी ४१ दिवस मोठ्या हौसेने मिनिटं मोजत होतो, आणि माझ्या आकड्यांनुसार प्रकल्प छान चालला होता, कारण जे जमत नव्हतं ते आम्ही करणंच सोडत होतो.

वाहतुकीचा अभ्यास करणारे याला दबलेली मागणी म्हणतात. रस्त्यावर मोजणी करायला उभं राहिलं तर ती दिसत नाही, कारण ती घरात बसलेली असते.

रात्री सगळ्यांना विचारून मागची यादी काढली. बायकोचा रविवारचा गाण्याचा क्लास दोनदा बुडाला (संध्याकाळची शेवटची बस लवकर जाते). मुलगी मैत्रिणीच्या घरी गेली नाही. मी जुना संगणकाचा मॉनिटर ई-कचऱ्यात नेऊन देणार होतो, तो दाराआड उभा आहे. आई या ४१ दिवसांत डॉक्टर सोडून कुठेही गेलेली नाही. ऑगस्टमध्ये ती सहा वेळा बाहेर पडली होती.

नवा रकाना सुरू: न झालेल्या फेऱ्या. कुणाची, कुठे, आणि का नाही.

१५ ऑक्टोबर

आईची पुढची तारीख पुन्हा नक्की केली. तिला न विचारता.

२० ऑक्टोबर

रात्री दोन वाजता मुलीला १०३ ताप आणि उलट्या. रुग्णवाहिका बोलवावी एवढं गंभीर नाही, सकाळपर्यंत थांबावं एवढं साधं नाही. गाडी नसलेल्या घराची खरी परीक्षा या मधल्या पट्ट्यात होते. ॲपवर एकही टॅक्सी नाही. दहा मिनिटांनी शेजाऱ्यांची बेल वाजवली. दादा पायजम्यातच किल्ली घेऊन आले, एक शब्द न विचारता. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, पहाटे परत. मुलगी आता बरी आहे.

परत येताना मी तीन वेळा "सॉरी, तुम्हाला त्रास" म्हणालो. चौथ्यांदा दादा म्हणाले, "अहो, आता पुरे."

सकाळी दारामागे एक कागद चिकटवला: आपत्कालीन क्रमांक, रात्री फोन उचलतील अशा दोन टॅक्सीचालकांचे क्रमांक (दोघांशी आज बोललो, दोघांना घर दाखवलं), दादांचा क्रमांक, त्यांनी आपणहून लिहायला सांगितलेला. खाली रोख रक्कम ठेवलेल्या डबीची जागा. हे सगळं गाडी असतानाही असायला हवं होतं. रात्री क्लच तुटला असता तर?

मुलीसाठी हलकं बूस्टर सीट आणलं. टॅक्सीत ते नसतं, आणि मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या खांद्याऐवजी मानेवरून आणि कमरेच्या हाडांऐवजी पोटावरून जातो. दीड किलोचं आहे. पण दिवसभर ते हातात घेऊन फिरायचं म्हणजे पुन्हा डिकीची आठवण.

२८ ऑक्टोबर

लिफ्टबद्दल. एक सहकारी माझ्याच बाजूला राहतो, तो रोज सोडायला तयार आहे. चार दिवस गेलो. त्याला उशीर झाला की मलाही उशीर, आणि त्याला लवकर निघायचं असलं की माझं काम अर्धवट. पेट्रोलचे पैसे घेईना, आणि फुकट घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार कशी करणार? पाचव्या दिवशी सायकल काढली. पावसाच्या दिवशी मात्र त्याला विचारतो, आणि महिन्याच्या शेवटी पैसे घेशील तरच, असं ठरवलं. तो कुरकुरला, पण आता मलाही मोकळेपणाने "आज नको" म्हणता येतं.

२ नोव्हेंबर

मॉनिटर गेला. सायकलच्या कॅरिअरवर, दोरीने बांधून. ती डिकीतलीच दोरी.

७ नोव्हेंबर

फोनची बॅटरी ४ टक्क्यांवर आली आणि एकदम ध्यानात आलं की तिकीट, टॅक्सी, नकाशा, पैसे सगळं त्यातच. गाडीला किल्ली पुरायची. पॉवर बँक बॅगेत कायमची.

आणि ॲपमधल्या 'बस ३ मिनिटांत' या वाक्याची किंमत ओळखायला शिकलो. २००५ मध्ये पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गुगलने मिळून बसची वेळापत्रकं एकाच साच्यात प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तो साचा म्हणजे आजचा जीटीएफएस. त्यात मुळात फक्त छापील वेळापत्रक असतं. बस प्रत्यक्ष कुठे आहे, याची माहिती वेगळ्या, सतत बदलणाऱ्या फाइलमधून येते, आणि ती नसली तर ॲप गुपचूप वेळापत्रकच दाखवतं. मी वापरतो त्या ॲपमध्ये खरी वेळ असली की आकड्याशेजारी लहरींचं चिन्ह येतं. चिन्ह नसेल तर ते ३ मिनिट म्हणजे निव्वळ आशीर्वाद.

९ नोव्हेंबर

रेल्वे जात नाही अशा एका गावी जायचं होतं, चौघांनाही. एका दिवसासाठी गाडी भाड्याने घेतली. ९६ टक्के वेळ उभी राहणारी वस्तू अनेकांनी वाटून घ्यावी, ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ मध्ये दोन सहकारी संस्थांनी ती सुरू केली आणि १९९७ मध्ये त्या एकत्र येऊन 'मोबिलिटी' झाली. आमच्या बाबतीत अडचण एवढीच की ती गाडी घ्यायला जायलाच बस लागली. तिथे ओरखड्यांचे फोटो, इंधनाच्या काट्याचा फोटो, अनामत रक्कम. निघायला पाऊण तास गेला.

पण दिवस उत्तम गेला. आई पुढच्या सीटवर बसून रस्ताभर बोलत होती. परतताना म्हणाली, "हळू चालव, एवढ्यात पोचायचं नाहीये."

१७ नोव्हेंबर

न झालेल्या फेऱ्यांचा रकाना: ३४ दिवसांत १९ ओळी. त्यातल्या ११ आईच्या. कारण विचारलं तर दरवेळी एकच: "टॅक्सीला उगाच पैसे कशाला."

मी तिला हिशेब करून दाखवला होता. विमा, कर, देखभाल आणि दरवर्षी घटणारी किंमत धरली तर उभ्या गाडीच्या एका महिन्याच्या खर्चात तिच्या कितीतरी टॅक्सीच्या फेऱ्या बसतात. तिला पटलं. तरी ती जाईना. विचार केल्यावर कळलं की मीही तसाच वागतो. गाडीचे पैसे आधीच गेलेले असतात, म्हणून प्रत्येक फेरी फुकट वाटते. टॅक्सीत प्रत्येक वेळी पाकीट उघडावं लागतं, म्हणून प्रत्येक फेरीला सबब द्यावी लागते. मैत्रिणीकडे गप्पा मारायला जाणं ही सबब आईला पुरेशी वाटत नाही.

आज एक लिफाफा केला. त्यावर आईचं नाव आणि 'नोव्हेंबर'. विम्याचा महिन्याचा वाटा होतो तेवढीच रक्कम आत. तिला सांगितलं, हे खर्च झालेलेच आहेत, उरले तर मी परत घेणार नाही, पुढच्या महिन्यात नवा लिफाफा. "हा काय पोरखेळ," म्हणाली. लिफाफा मात्र कपाटात ठेवला.

२३ नोव्हेंबर

लिफाफ्यातून दोन फेऱ्या. एक मैत्रिणीकडे, एक वाचनालयात. वाचनालयात तिने माझीच दोन पुस्तकं परत केली, डिकीत सापडलेली. ती मीही विसरलो होतो. दंड लिफाफ्यातून भरला.

ओळखीच्या दोन चालकांपैकी एकाने आईशी परस्पर ठरवून टाकलं आहे. ती त्याला एक तास आधी फोन करते, तो पुढच्या फाटकावर येतो. ॲपच्या टाचणीची कटकट संपली. ही व्यवस्था माझ्या कुठल्याच नियमात बसत नाही, म्हणून वहीत 'इतर' खाली गेली.

२६ नोव्हेंबर

भिंतीतल्या दाराची किल्ली सापडली. पलीकडच्या इमारतीच्या पहारेकऱ्याकडे असते. सकाळी ७ ते रात्री ९ दार उघडं ठेवायला त्यांची समिती तयार झाली, आम्ही लेखी अर्ज दिल्यावर. थांबा आता ४२० मीटरवर. अंतर मोजल्यापासून ७२ दिवस मी तो वळसा घालत राहिलो, आधी विचारायला हवं होतं.

१ डिसेंबर (दिवस ९०)

टर्मिनल जोडलं, गाडी एका झटक्यात सुरू झाली. क्लच अर्थातच तसाच. मेकॅनिकने दुरुस्तीच्या जुन्या आकड्यात थोडी भर घालून नवा दिला, आणि वर म्हणाला की तशीच विकायची असेल तर गिऱ्हाईक आहे.

जेवणाच्या टेबलावर वही ठेवून चौघं बसलो. मुलीचं मत विकायचं, कारण सायकलच्या मागे तिची सीट आहे. बायकोचं मत विकायचं, पण तिचा गाण्याचा क्लास ज्या संध्याकाळी असतो त्या दिवशी परतीची सोय आधी, मग सही. आई म्हणाली, "मला काय विचारता? माझ्याकडे ड्रायव्हर आहे."

विकायचं ठरलं. वही बंद करायची नाही, हेही ठरलं. झालेल्या फेऱ्या लिहिणं थांबवतो, त्या मला आता पाठ आहेत. न झालेल्यांचा रकाना चालू. त्यातली शेवटची ओळ कालची: आई, मैत्रिणीकडे, संध्याकाळी, रद्द, अंधार पडल्यावर परत यायला मिळेल की नाही म्हणून.

चालकाला फोन केला. गुरुवारी जाताना ५ वाजता, परतीचं ७:३० ला, तोच येणार. डिसेंबरचा लिफाफा भरला.